परक्या घरांची देखरेख : नोकरी म्हणून कशी?

प्रश्न : मी फोंडा येथे राहणारा वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. मुंबईत आणि आखाती देशांत राहणाऱ्या मालकांची बार्देश तालुक्यातील घरे व फ्लॅट सांभाळणाऱ्या एका कंपनीने मला प्रॉपर्टी मॅनेजरची नोकरी देऊ केली आहे. चाव्या ठेवणे आणि भाडे गोळा करणे एवढेच हे काम असते का? – एक वाचक

उत्तर : भाडे गोळा करणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग आहे. गोव्यात या नोकरीचा खरा कस जून ते सप्टेंबर या काळात लागतो. बंद घरात हवा खेळत नसल्याने भिंतींना ओल येते, गाद्यांवर बुरशी चढते, चौकटींना वाळवी लागते आणि घर कौलारू असल्यास एखादे सरकलेले कौलही वासे कुजवण्यास पुरेसे ठरते. त्यामुळे छप्पर शाकारणे, पन्हळी साफ करणे ही कामे मे महिन्यातच उरकावी लागतात. मात्र कारागीर तेव्हा सर्वांनाच हवे असतात, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवावे. डिसेंबरात सुटी घालवून गेलेल्या मालकाला ऑगस्टमधील भिंतीचे छायाचित्र पाठवले, तर ते आपल्याच घराचे आहे हे त्याला पटवण्यातही वेळ जातो.

माझ्या मते अधिक अवघड बाब म्हणजे जबाबदारी तुमची आणि अधिकार मालकाचा. रात्री पंप जळतो, पाहुणे पाण्यावाचून खोळंबतात आणि मालक फोन उचलत नाही. अशा वेळी न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करता येईल, हे मालकाशी होणाऱ्या करारात लिहिलेले असलेच पाहिजे.

कागदपत्रांचे कामही बरेच असते. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या घराची 1982 च्या कायद्यानुसार पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, आणि परदेशी पाहुणा आल्यास त्याची माहिती 24 तासांत ठरावीक फॉर्म भरून परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला कळवावी लागते. मालकाच्या वतीने भाडेकरारावर सही करण्यास सांगितले, तर मुखत्यारपत्राशिवाय ती करू नये.

होकार देण्यापूर्वी तुमच्याकडे किती घरे येणार, ती एकमेकांपासून किती दूर आहेत, पेट्रोलचा खर्च वेगळा मिळणार का आणि 31 डिसेंबरच्या रात्री तक्रारीचे फोन कोणी घ्यायचे, हे कंपनीला स्पष्ट विचारा.