अजिंक्यतारा कुठे पळून जात नाही

दादा, हार्ट अटॅकनंतर डिस्चार्ज मिळून पंधरा दिवस झाले नाहीत आणि तुम्ही साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याचा चढ कधी चढू म्हणून विचारताय! मीही हेच केलं होतं. अर्ध्या वाटेत धाप लागली, कठड्यावर टेकलो, आणि घरी बायकोनं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

आधी डॉक्टरांना विचारून शाहू स्टेडियमसारख्या सपाट जागी दहा मिनिटं चाला. चालताना शेजारच्याशी नीट बोलता आलं पाहिजे. बोलताना दम लागला की वेग कमी. हळूहळू अर्ध्या तासावर या, आठवड्यातून पाच दिवस. चढाचं नंतर बघू.

जेवणात तेलापेक्षा मला मिठानं जास्त छळलं. दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. त्यात लोणचं, पापड, खर्डा सगळं आलं. भाकरी थापताना पिठात मीठ घालणं आधी बंद करा. आठवडाभर बेचव लागते, मग कळतही नाही. कंदी पेढा? सणाला एक, तोही शुगर नसेल तर.

तंबाखू, मिशरी पूर्ण बंद. 'थोडीशी' चालत नाही.

स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवला असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनानं एक दिवसही सोडू नका. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन. छातीत पुन्हा दाटलं तर 'गॅस असेल' म्हणत ओवा चघळत बसू नका, 108 लावा.

आणि हो, रात्री भीती वाटते ना? मलाही वाटायची. वहिनींना सांगा, लपवू नका.