साडेतीन वर्षांची मुलगी अंगठा चोखते, दात पुढे येतील का?

लगेच घाबरू नका. चोखणं ही बाळाची उपजत सवय आहे आणि बरीच मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ती आपणहून सोडतात. मात्र तिला तीन वर्षं पूर्ण झालीत, तेव्हा आता हळूहळू सोडवायला लागा.

दातांना त्रास होतो तो सततच्या दाबामुळे. झोपताना नुसता तोंडात ठेवलेला अंगठा वेगळा आणि 'चटक-चटक' आवाज करत तासन्‌तास ओढलेला वेगळा. दुसऱ्या प्रकारात वरचे दात पुढे येतात, तोंड मिटलं तरी पुढच्या दातांत फट राहते, टाळू अरुंद होतो. सहा-सात वर्षांच्या सुमारास पुढचे कायमचे दात येतात. त्याआधी सवय सुटली तर ही फट पुष्कळदा आपोआप भरते. अरुंद टाळू मात्र तितक्या सहज सुधारत नाही.

चोखणीनेही हेच होतं, फक्त ती लपवता येते, अंगठा कुठे लपवणार! चोखणी मधात बुडवून मुळीच देऊ नका: दात किडतात, आणि वर्षाखालच्या बाळाला मध धोक्याचाच.

अंगठ्याला मिरची, कारल्याचा रस लावणं मला पटत नाही; तोच हात डोळ्यात जातो. झोपताना हातात मऊ बाहुली द्या, न चोखलेल्या रात्रीचं कौतुक करा. आणि एकदा मुलांच्या दंतवैद्यांना दाखवाच.