जेवल्यावर फार झोप येते, अंग जड होतं, आयुर्वेदात यावर काय उपाय आहे?

आधी एक सांगते, जेवल्यावर डोळे मिटतात म्हणून कोणी तुम्हाला आळशी म्हणत असेल तर अजिबात ऐकून घेऊ नका. माझ्या आईला आत्याने वर्षानुवर्षं हेच ऐकवलं. आई सगळ्यांचं उरकून शेवटी जेवायची, तेही भराभर, आणि तोवर भूक मारायला चहा नि हाताला लागेल ते तोंडात टाकत राहायची. जेवली की बसल्या जागी डुलक्या. आत्या कसलंतरी पाचक चूर्ण आणून द्यायची आणि वर चारचौघांत म्हणायची, "कामाला लाग, सुस्ती जाईल."

शेवटी मीच आईला वैद्यांकडे नेलं. त्यांनी नाडी नंतर बघितली, आधी विचारलं, ढेकर स्वच्छ येते का, भूक लागल्यावर जेवता की वेळ झाली म्हणून? मग खालची पापणी ओढून पाहिली, आतून पांढरट दिसली तशी म्हणाले आधी हिमोग्लोबिन तपासा. कमीच निघालं. आधीचं पचायच्या आत परत खाणं म्हणजे अध्यशन, त्याने अग्नी म्हणजे पचनशक्ती बिघडते नि जडपणा येतो, तिथे नुसतं चूर्ण काय करणार? मधलं अरबट चरबट बंद केलं, आई पहिल्या पंगतीला गरम जेवणार हे मी घरात ठणकावून सांगितलं, सोबत डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या. हळूहळू डुलक्या थांबल्या.

तुम्ही पोट गच्च भरू नका, आयुर्वेदाचार्य वाग्भटांच्या हिशोबाने निम्मं पोट अन्नाला, पाव पाण्याला, पाव मोकळं. जेवणाआधी आल्याचा तुकडा सैंधव लावून खा. सुश्रुतात सांगितलंय की जेवल्यावर जडपणा ओसरेपर्यंत स्वस्थ बसा, मग शंभर पावलं चाला, मग डाव्या कुशीवर आडवे व्हा. आत्याला त्यातलं फक्त शेवटचं पाठ, ती वामकुक्षीच्या नावाखाली तासन्‌तास झोपायची. चरकांनी उन्हाळा सोडून दुपारची झोप नकोच म्हटलीय, पण थकलेल्या, अशक्त माणसाला चालते हेही तिथेच लिहिलंय. म्हणजे शास्त्राप्रमाणे झोपायचा हक्क माझ्या आईचा होता, आत्याचा नाही, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलंय.

आणि हो, पित्ताचा त्रास असेल तर आलं जपून. सुस्ती रोजचीच असेल, रात्री घोरत असाल, तर शुगर, थायरॉईड नि हिमोग्लोबिन तपासून घ्या.