आधी प्लॅन कागदावर मांडा, मग हो म्हणा

आरोग्याच्या बाटल्या विकणाऱ्या नेटवर्क मार्केटिंग कंपनीच्या (माणसाखाली माणूस जोडत माल विकणाऱ्या) मीटिंगमधून आलात की उत्साह ओसरू द्या, दोन दिवस थांबा. मग अपलाइनकडे, म्हणजे तुम्हाला आपल्याखाली जोडू पाहणाऱ्या माणसाकडे, कंपनीचा पूर्ण कॉम्पेन्सेशन प्लॅन (कुणाला कशाचे किती पैसे मिळतात ते) लेखी मागा. स्लाइडचे फोटो चालणार नाहीत.

त्यात एकच गोष्ट शोधा: पैसा येतो कुठून? साखळीबाहेरचं गिऱ्हाईक बाटली विकत घेतं, की डाउनलाइनच (खाली जोडलेली माणसंच) दरमहा ‘अ‍ॅक्टिव्ह’ राहण्यासाठी स्वतः माल उचलते? दुसरं असेल तर तुम्ही विक्रेते नाही, गिऱ्हाईकच आहात. ‘प्रत्येकाने फक्त सहा जण जोडायचे’ हे गणित स्वतः करून पाहा. तेराव्या पातळीवर 1306 कोटी माणसं लागतात. पृथ्वीवर एवढी नाहीतच.

उत्पन्नाचा तक्ता दिला तर सरासरी बाजूला ठेवा. वरचे चार जण ती फुगवतात. कमाईच्या क्रमात बरोबर मधल्या माणसाला वर्षाला किती मिळालं ते विचारा, आणि त्यातून किमान खरेदी, प्रवास, सेमिनारची तिकिटं वजा करा. बहुतेकदा उणे निघतं.

आता बाटली. लेबलवर ‘विशेष मिश्रण’ एवढंच असेल आणि प्रत्येक घटकाचे मिलिग्रॅम नसतील तर मात्रा कळत नाही, म्हणजे परिणामही तपासता येत नाही. जीएमपी (चांगल्या उत्पादन पद्धतीचं) प्रमाणपत्र कारखान्याच्या शिस्तीबद्दल असतं, गुणाबद्दल नव्हे. ‘शुगर बरी होते’ असं तुम्ही कुणाला म्हणालात आणि त्याने गोळ्या सोडल्या, तर अंगावर तुमच्याच येईल. कंपनी नियमावली दाखवून मोकळी होते.

न विकलेला माल किती दिवसांत, किती कपात करून परत घेतात, तेही सही करण्याआधी लेखी घ्या.