प्रिंटवर रेघा, डीलर कोल्हापूरचा, केस कुठं टाकायची?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एका स्टुडिओवाल्या दादांनी विचारलंय, कोल्हापूरच्या डीलरकडनं अकरा महिन्यांमागं २४ इंची फोटो प्रिंटर घेतला, आता लग्नाच्या मोठ्या प्रिंटवर आडव्या रेघा येतात, चेहरे हिरवट दिसतात, गिऱ्हाईक परत पाठवतंय, आणि डीलर म्हणतो लोकल इंक घातलीय, वॉरंटी गेली, केस करायची तर कोल्हापूरला या.

म्हणू दे की. दादा, कोल्हापूरला हेलपाटे घालायची गरजच नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३४, तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते, म्हणजे बेळगावात. सीमेचं आपलं जुनं दुखणं हितं आडवं येत नाही. किंमत ५ लाखांच्या आत असली तर फी पण नाही.

खरी मेख वेगळीच आहे. समोरचा वकील पहिल्यांदा म्हणणार, हा धंद्याचा माल, हे ग्राहकच नव्हेत. पण कलम २(७) मध्ये सवलत आहे, स्वतः राबून पोटासाठी घेतलेली वस्तू धंद्याच्या मालात धरत नाहीत, आणि सुप्रीम कोर्टानं १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात सांगितलंय की हाताखाली एक-दोन माणसं असली म्हणून बिघडत नाही. त्यामुळं तक्रारीत सरळ लिहा की मशीन मी स्वतः चालवतो, घर यावरच चालतं. ही एक ओळ विसरू नका. तीन-चार ब्रँच असतील तर मात्र आत्ताच सांगा, मग दिवाणी कोर्टाचं बघावं लागेल.

आता पुरावा. रोज सकाळी नोझल चेकची प्रिंट (इंकची बारीक छिद्रं सगळी चालतात का ते दाखवणारा पॅटर्न) काढा, तारीख-सही करून फाईलला लावा. पॅटर्नमध्ये रेघा तुटक दिसल्या तर नोझल चोक किंवा हेडचा (इंक फवारणाऱ्या भागाचा) दोष असण्याची शक्यता जास्त, आणि पॅटर्न सगळा भरलेला असून फोटोवर रेघा येत असतील तर आधी पेपर टाईप, फीड आणि हेड अलाइनमेंट बघून घ्या, नाहीतर सेटिंगची चूक निघाली की आयोगापुढं आपलंच हसं व्हायचं. इंकचं प्रत्येक बिल जपा, रिकाम्या कार्ट्रिजसुद्धा टाकू नका. लोकल इंक म्हणायला पैसे लागत नाहीत, म्हणणाऱ्यानं सिद्ध करावं.

इंजिनिअर आला की जॉबशीटवर काय सापडलं ते लिहून घेतल्याशिवाय हेड बदलू देऊ नका, आणि जुन्या हेडचा फोटो काढा, नाहीतर पुरावा त्याच्या बॅगेतनंच कोल्हापूरला जातो. डीलरशी झालेलं व्हॉट्सअॅप डिलीट करू नका, मोबाईल पण बदलू नका, नंतर मोबाईलमधला पुरावा दाखवायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, मराठी मेसेजचं भाषांतर मी बघतो.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, पण वॉरंटीचा एकच महिना उरलाय. फोनवर नुसतं भांडू नका, डीलर आणि कंपनी दोघांनाही याच आठवड्यात लेखी तक्रार पाठवा, स्पीड पोस्टानं, पावती जपून, आणि मेलही करा.