अकरा वेळा थांबवलेला ड्रॅक्युला

प्रिय मावशी,

मी ३१ वर्षांचा, चिंचवडला राहतो. लग्नाला सात महिने झाले. जुन्या हॉलिवूडचे भयपट हा माझा जीव की प्राण. लग्नाआधी बायको म्हणाली होती, 'मलाही दाखव ना.' म्हणून दिवाळीच्या सुट्टीत १९३१चा 'ड्रॅक्युला' लावला. तिला बारकावे कळावेत म्हणून मधेमधे थांबवून सांगत होतो, अकरा वेळा तरी. पण ड्रॅक्युलाच्या गढीत ते खवल्यांचे प्राणी फिरताना दिसले आणि ती खो खो हसत सुटली. उत्तरार्धात चक्क झोपली. पुढच्या आठवड्यात 'फ्रँकेन्स्टाइन'लाही तेच. ती वेंगुर्ल्याकडची आहे. आजीकडून ऐकलेल्या भुताखेतांच्या गोष्टी मात्र रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सांगत बसते! आता मी हेडफोन लावून एकटाच बघतो आणि आमच्यात जरा अबोला आहे. तिला गोडी कशी लावू? शिवाय 'फ्रँकेन्स्टाइन'मधला राक्षस झालेल्या कार्लॉफचं पोस्टर बेडरूममध्ये लावायचंय, त्याला तिची ना आहे. अकरा तारखेला सासूबाई येतायत.

– कृष्णधवल

कृष्णधवल,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा तुझ्या बायकोची कीव आली. अरे, 'ड्रॅक्युला' सव्वा तासाचा सिनेमा. अकरा वेळा थांबवल्यावर मध्यरात्र उलटली असेल. हौसेने शेजारी येऊन बसलेल्या बाईची तू तोंडी परीक्षा घेतलीस, आणि वर ती झोपली म्हणून रुसलास.

आधी त्या हसण्याचं बघू, कारण तुला खरं तेच लागलंय. ते प्राणी आर्माडिलो. अमेरिका खंडातला हा जीव युरोपात, ट्रान्सिल्व्हेनियातल्या गढीत काय करतोय, हा प्रश्न सिनेमाच्या चाहत्यांनाही पडत आलाय. तुझी बायको सिंधुदुर्गातली. तिला तिथे तिच्या रानातलं खवले मांजर दिसलं असणार, तेही सरदाराच्या वाड्यात भाडेकरू असल्यासारखं हिंडताना. हसू नको तर काय करू? उलट तिची नजर शाबूत आहे. धुक्याला आणि ड्रॅक्युला झालेल्या लुगोसीच्या डोळ्यांना भुलून आपण जे सोडून देतो, ते तिने पहिल्या फटक्यात टिपलं. ती त्या प्राण्यांना हसली. तू ते स्वतःवर घेतलंस, कारण या सिनेमांवर कोणी हसलं की तुला घरातल्या वडीलधाऱ्यांवर हसल्यासारखं वाटतं. मलाही वाटायचं. कॉलेजात असताना फिल्म सोसायटीच्या खेळाला मागच्या बाकावरच्या मुलाने रबरी वटवाघळाला टाळी दिली, तेव्हा मी त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते.

आणि झोपेचं म्हणशील तर, रागावू नकोस, तिथे थोडा दोष सिनेमाचाही आहे. पहिली वीसेक मिनिटं कार्ल फ्रॉइंडच्या कॅमेऱ्याची, ती अजूनही अंगावर येतात. पुढे मंडळी लंडनच्या दिवाणखान्यात जाऊन बसतात आणि नुसती बोलत राहतात, कारण पटकथा बरीचशी नाटकावर बेतलेली. बोलपट नुकता आलेला. सुरुवातीच्या श्रेयनामावलीला 'स्वान लेक' या बॅलेचे सूर आहेत, नंतर पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. हीच कथा त्याच सेटवर रात्रपाळीत दुसऱ्या चमूने स्पॅनिशमध्ये चित्रित केली. तो कॅमेरा जास्त मोकळा फिरतो, असं माझं मत. भांडायचं असेल तर पुढच्या पत्रात भांड.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य, जे तू उद्गारचिन्ह लावून उडवून दिलंस. ती आजीच्या गोष्टी दोन वाजेपर्यंत सांगते. आणि तू? ऐकत असतोस, की मनात पुढच्या सिनेमाची यादी करत असतोस?

वेंगुर्ल्याकडची म्हणजे आरवलीचा वेतोबा तिला लहानपणापासून ठाऊक असणार. तो भूत नव्हे, गावाचा राखणदार. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या मोठ्या थोरल्या चपला. देव रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो म्हणून त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. फिरणारा दिसत नाही, झिजलेल्या चपला तेवढ्या दिसतात.

आता तुझ्या लाडक्या काळातला 'कॅट पीपल' आठव. १९४२, निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जाक तुर्नर. स्टुडिओने ल्यूटनच्या हातात आधी नुसतं नाव ठेवलं आणि म्हणाले, आता यावर सिनेमा कर. पैसे दीड लाख डॉलरच्याही आत. 'द मॅग्निफिसन्ट अँबरसन्स' या दुसऱ्या सिनेमासाठी बांधलेला जिना इथे पुन्हा वापरला. ओरबाडणारं जनावर धड दाखवायचं तर ते हास्यास्पद होण्याची भीती, मग त्याने ते अंधारातच ठेवलं. एक बाई रात्री सेंट्रल पार्कच्या भिंतीकडेने घरी चाललीय, मागून उंच टाचांचा आवाज येतोय. मग मागचा आवाज बंद होतो. एवढंच. मागे वळून पाहावं तर रस्ता रिकामा. तेवढ्यात गुरगुरल्यासारखा फिस्स आवाज, आणि चौकटीत घुसते ती साधी बस! त्यानंतर मेलेल्या मेंढ्या, आणि ओल्या मातीत जनावराच्या पंजांचे ठसे, जे चालता चालता बाईच्या बुटांचे होत जातात.

तिची आजी 'काय होतं ते कोणी पाहिलं नाही' म्हणून जिथे गप्प होत असेल, तिथेच ल्यूटन कॅमेरा वळवतो. अशा आजीची नात तुझ्या घरात आहे आणि तू तिला प्रकाशयोजना शिकवायला निघालास.

तेव्हा असं कर. या शनिवारी सिनेमा नकोच. जेवण झाल्यावर तिला आजीची सगळ्यात वाईट गोष्ट सांगायला सांग. सांगताना तिला टोकायचं नाही, 'हे तर अमक्या सिनेमात आहे' म्हणायचं नाही. मला ठाऊक आहे, जीभ वळवळेल. सुपारी तोंडात धर. मग आठवड्याभराने 'कॅट पीपल' लाव. ७३ मिनिटं आहे. रिमोट तिच्या हातात दे आणि तू आपला पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बस. थांबवायचा हक्क तिचा. ती हसली तर तूही हस. तिने काही विचारलं तर उत्तर एका वाक्यात दे. कदाचित बसच्या वेळी ती तुझा हात धरेल, कदाचित जांभई देईल. जांभई दिली तर ल्यूटनचं काही बिघडत नाही आणि तुमच्या संसाराचंही.

तिला गोडी लागलीच पाहिजे ही अट मनातून काढून टाक. आठवड्यातले दोन दिवस एकट्याने बघ, पण चोरून नको. 'आज माझा दिवस आहे' असं सरळ सांग. हेडफोनबद्दल माझी तक्रार नाही, तो लावताना तोंड फुगवलेलं असतं त्याबद्दल आहे. आणि तिला काय बघायला आवडतं हे तुझ्या एवढ्या लांब पत्रात कुठेच नाही. विचारून बघ. विनोदी मालिका निघाली तरी शेवटपर्यंत बस.

हो, 'फ्रँकेन्स्टाइन' पुन्हा लावायचा झाला तर सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे नावाऐवजी प्रश्नचिन्ह आहे, तेवढंच तिला दाखव. मेकअपखाली कोण आहे हे ओळखायला तिला आवडेल. जॅक पिअर्सच्या मेकअपला रोज चारेक तास लागायचे, वगैरे पुराण तिने विचारलं तरच सांग.

पोस्टरचं: बेडरूममध्ये नाही. नवी नवरी पहाटे डोळे उघडते तेव्हा समोर कार्लॉफ नको, या बाबतीत मी पूर्ण तिच्या बाजूने. तुझ्या कपाटाच्या दाराला आतून लाव. हॉलमध्ये लावायचं असेल तर तिला विचारून, आणि तेही बारा तारखेनंतर. सासूबाई किती दिवस राहणार आहेत ते मात्र तू लिहिलं नाहीस.

– मावशी