मुलगा मॅच हरला की खचतो. त्याला कणखर करायला पालकांनी काय करावं?

तुमचा मुलगा अकरा वर्षांचा, बॅडमिंटन खेळतो आणि हरला की दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी प्रशिक्षक नाही. कोल्हापुरात बँकेत नोकरी करतो आणि सहा वर्षांपासून एका नेमबाज मुलीचा बाप आहे. माझं जे चुकलं, तेवढंच खात्रीनं सांगू शकतो.

दहा मीटर एअर रायफलमध्ये सव्वा तासात साठ नेम मारायचे असतात. एका नेमाला जास्तीत जास्त १०.९ गुण. मुलं लेनवर उभी, प्रत्येकापुढे स्क्रीन आणि मागे खुर्च्यांवर आम्ही पालक. मी मोबाईलचा कॅमेरा झूम करून लेकीच्या स्क्रीनवरचा आकडा बघत बसायचो. नेमबाज टार्गेटला आडवा उभा राहतो. त्यामुळे मान जराशी वळवली की मागचं सगळं त्याला दिसतं. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तिच्या प्रशिक्षक मॅडम प्रत्येकीला वही ठेवायला लावतात. स्कोअर, झोप किती झाली, कुठल्या नेमाला काय चुकलं, असं सगळं त्यात लिहायचं. एकदा तिला न विचारता मी ती वही उघडली. हे करायला नको होतं, पण केलं. एका स्पर्धेच्या पानावर लिहिलं होतं: '२३ – ८.७. ट्रिगर घाईत. पप्पांनी मान हलवली.' त्याखाली: '२४ – ९.१. पप्पा उठून बाहेर गेले.'

मी चहा प्यायला गेलो होतो.

ती वही हातात धरून मी बराच वेळ तसाच बसलो. तेरा वर्षांची पोर खांद्याला रायफल लावून एक डोळा टार्गेटवर आणि एक माझ्या तोंडावर ठेवून खेळत होती. नेमबाजीत एक नेम वाईट गेल्यानं फार बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या नेमाला, तो भरून काढायच्या घाईत. आणि ती घाई तिला मी लावत होतो.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, मी हे तुम्हाला कधीपासून सांगणार होते. तुम्ही रेंजमध्ये बसूच नका." तेव्हापासून मी बाहेर थांबतो. लगेच स्कोअर वाढला असं अजिबात नाही. पहिल्या दोन स्पर्धांत तर उलट घसरला, कारण मी नसल्याचीही तिला सवय नव्हती.

दुसरी चूक पैशांची. रायफल अडीच लाखांची, पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेली. जिल्हास्तरावर खराब खेळली त्या संध्याकाळी मी बायकोशी बोलताना म्हणालो, "दर महिन्याला हप्ता कापला जातोय आपला." पोरगी आतल्या खोलीत होती. आठ दिवसांनी जेवताना तिनं विचारलं, "पप्पा, मी राज्याला सिलेक्ट झाले नाही आणि रायफल विकली, तर किती येतील?" त्या दिवसापासून हप्त्याचा विषय तिच्या कानावर पडू दिलेला नाही. आपण काय सोसलं हे मुलांना न सांगताही कळत असतं. पण ते हरल्याच्या दिवशी सांगितलं, की त्याचं त्यांच्या डोक्यावर देणं होतं. देणेकरी माणूस निवांत खेळेल कसा?

आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसाळे. वडील शिक्षक. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत वैयक्तिक फायनलमध्ये तो सोन्याच्या शर्यतीत होता. एका नेमाला ७.६ पडले आणि तो चौथा आला. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यानं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून नेम मारायचा प्रकार) कांस्य जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. आमच्या गल्लीत फटाके वाजले. माझ्या मनात मात्र त्याच्या वडिलांचं बोलणं राहिलं. आम्ही त्याला आदल्या दिवशी फोनसुद्धा केला नाही, त्याला त्याच्या खेळावर लक्ष देऊ दिलं, असं त्यांनी बातमीदारांना सांगितलं होतं. पोरगा ऑलिंपिकची फायनल खेळणार आणि फोन हातात असून लावायचा नाही! ते किती अवघड गेलं असेल, हे आता मला कळतं.

लोक मला फोगट भगिनींचं उदाहरण देतात, बाप कडक होता म्हणून पोरी घडल्या म्हणतात. महावीर फोगट स्वतः पैलवान, आखाड्यात प्रशिक्षकही तेच. त्यांच्या बोलण्याला कुस्तीच्या ज्ञानाचा आधार होता. मी कधी रायफल हातात धरली नाही. माझ्या कडकपणातून तिला फक्त धाक मिळाला असता.

तुमच्या मुलाचं दोन दिवस गप्प राहणं मला दोष वाटत नाही. त्याला हरल्याचं वाईट वाटतं, वाटू द्या. त्या दोन दिवसांत घरातली बाकीची माणसं कशी वागतात ते बघा. मी 'काही बोलायचं नाही' असं ठरवून गप्प बसायचो, तर लेक म्हणाली, "तुम्ही गप्प असता तेव्हा जास्त भीती वाटते." म्हणून आता मी भाजी काय आणू, गृहपाठ झाला का, असं रोजचंच बोलतो. मॅचचा विषय तिनं काढला तरच. बॅडमिंटनमध्ये अकरा गुणांवर मिनिटभराची विश्रांती असते. तेव्हा तो प्रशिक्षकांकडे बघतो की तुमच्याकडे, हेही एकदा नीट बघा. तुमच्याकडे बघत असेल, तर पुढच्या मॅचला जागा बदला.

गेल्या महिन्यात पुण्यात बालेवाडीला स्पर्धा होती. मी पार्किंगमध्ये होतो. मॅडमनी नंतर सांगितलं, चाळिसाव्या नेमाला ८.४ गेला. तिनं रायफल स्टँडवर ठेवली, पाणी प्यायली, मान खाली घालून दोन-तीन श्वास घेतले आणि परत उचलली. मागे वळून पाहिलं नाही. नंबर एकविसावा आला. परतताना एसटीत तिनं आपण होऊन त्या ८.४ चा विषय काढला आणि कराड येईपर्यंत त्यावरच बोलत होती.